पाचशेच्या पुढची जागा

सेतूला रिकामं काही बघवत नाही. बसमध्ये शेजारची सीट रिकामी राहिली तर तो खिडकीबाहेर बघत नाही, सीटकडे बघत राहतो. कुकरमध्ये भात लावला तर वरच्या डब्यात डाळ हवी, आणि डाळीच्या कडेला एक बटाटा हवा. कुंभकोणमजवळ मेलकावेरीतल्या त्याच्या घराच्या कुंपणाला दोन विटांच्या मध्ये भेग पडली होती. लोक सिमेंट भरतात. त्याने पुदिना लावला. त्याची बायको कामाक्षी म्हणते, "माझ्या दोन्ही कानांत सांगून झालं की हे तिसरा कान शोधतात."

मी त्याच्याहून मोठा. तो मला रघुअण्णा म्हणतो. घरी आम्ही आमची जुनी तंजावरी मराठी बोलतो, उंबऱ्याबाहेर तमिळ. आमचं नातं कामाचं. तो काढायचा, मी मारायचो.

हे समजावून सांगतो. रेशमी साडीवर मोर, वेल, बुट्टा विणायचा तर मागाच्या डोक्यावर एक पेटी असते. तिच्यात हुक असतात. हुक वर गेला की त्याचा धागा वर जातो. कोणता हुक वर जाईल आणि कोणता खाली राहील हे पुठ्ठ्याची कार्डं ठरवतात. भोक असेल तर हुक उठतो, नसेल तर नाही. धोटा एकदा फिरला की एक कार्ड संपतं, दुसरं पुढे येतं. सगळी कार्डं दोरीने ओवून त्यांची माळ करतात. शेवटचं कार्ड झालं की पुन्हा पहिलं येतं. सेतू चौकटीच्या कागदावर नक्षी काढायचा. मी तो कागद समोर ठेवून पायाच्या यंत्रावर कार्डांना भोकं पाडायचो. बोटं कळांवर, उजवा पाय पायटीवर. एक दाब, एक ओळ. घाईत दाब अर्धा पडला तर भोक अर्धं पडतं आणि विणकराच्या साडीत दोष येतो. म्हणून प्रत्येक दाब पुरा द्यायचा. पहिला असो की दिवसातला शेवटचा.

ज्यांच्याकडे मी शिकलो ते अप्पाजी म्हणायचे, हुक रिकामा ठेवू नका. वापरला नाही तर गंजतो, त्याचा धागा ढिला पडतो. नक्षी अरुंद असेल तर कडेला एखादा ठिपका टाका, पण प्रत्येक हुक एकदा तरी उठला पाहिजे. मी हा नियम कामापुरता पाळला. सेतूने जन्माला लावून घेतला. त्याच्या नक्षीत मोराच्या पायांमध्ये चिमणी असायची, चिमणीच्या चोचीत दाणा, दाण्याच्या मागे ठिपके. विणकर म्हणायचे, सेतू अण्णांच्या साडीला वारा लागत नाही, आत जायला जागाच नसते.

नव्वदच्या दशकात कोइमतूरचं एक डिझाइनचं ऑफिस बंद झालं. तिथून सेतूने कार्डं मारणारं विजेचं यंत्र आणलं आणि ते चालवणारा कॉम्प्युटरही आणला. मी पायाचं यंत्र सोडलं आणि मारलेली कार्डं ओवायला बसलो. माझ्या गुडघ्यांना त्याचं वाईट वाटलं नाही. पुढे डोळे कमी झाले, तेव्हा तेही सोडलं. पायाचं यंत्र सेतूने मागच्या पडवीत ठेवलं. रिकामं नाही, त्यावर लोणच्याच्या बरण्या ठेवल्या.

तोच कॉम्प्युटर आजही आहे. कार्डांच्या यंत्रातून एक पट्टी येऊन त्याच्या पोटातल्या खाचेत बसते, आणि तशी खाच नव्या कॉम्प्युटरला नसते. त्यामुळे भोवतालचं सगळं बदललं, पंखा बदलला, कळफलक बदलला, पण पेटी तीच राहिली. नक्षी आता सेतू पडद्यावरच काढतो आणि ती आतल्या हार्ड डिस्कवर राहते. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी ती डिस्क टकटक करू लागली. आत कुणीतरी नखाने दार वाजवतंय असा आवाज.

सेतूच्या बहिणीचा मुलगा बाला पापनाशमला कॉम्प्युटर दुरुस्त करतो. स्टेशनच्या रस्त्यावर त्याचं दुकान. सेतू मला घेऊन गेला. मला का, तर बसमध्ये दोघांची सीट असते.

बालाने डिस्क कानाला लावली. "मामा, हिचे दिवस भरले. आहे तोवर सगळं दुसरीवर उतरवू. पण एवढी लहान डिस्क आता कोठे मिळायची? माझ्याकडे ही आहे, जुन्या ऑफिसातून निघालेली. हिच्या पाचपट."

"पाचपट?" सेतूचे डोळे चमकले.

"खूश होऊ नका. तुमचं मशीन पाचशे एमबीच्या पुढे मोजू शकत नाही. मी सुरुवातीचा पाचशेचा तुकडा पाडून देतो. तेवढाच वापरा."

"आणि उरलेली?"

"उरलेली पडून राहील."

"पडून?" सेतू खुर्चीवरून उठला. दुकानात तीन पावलं जायला जागा होती, ती गेला, परत आला. "बाला, चांगली जागा आणि पडून? लग्नाचा हॉल घेऊन कोपऱ्यात पंगत बसवायची?"

"मामा, मशीन जुनं आहे. ते..."

"तू करून तर बघ. सगळी एक कर. दिसली तर दिसली."

बालाने माझ्याकडे बघितलं. मला त्यातलं कळत नव्हतं. बालाने आपल्या मशीनवर त्या डिस्कचा एकच मोठा तुकडा पाडला, जेवढा त्या जुन्या पद्धतीत पाडता येतो तेवढा. मेलकावेरीला येऊन ती सेतूच्या पेटीत बसवली. पडद्यावर आलं, दोन हजार. मोकळी जागा दोन हजार.

"बघ," सेतू म्हणाला. "पाचशेच्या पुढे दिसत नाही म्हणे."

बालाने डोकं खाजवलं. "दिसतंय खरं. तरी पाचशेच्या आत राहा, मामा. माझं ऐका."

उतरवायला सुरुवात करणार तेवढ्यात सेतूने त्याचा हात धरला. त्यांच्या घरी नवं भांडं आलं की पहिले तांदूळ विठोबासाठी. नवी पाटी आली की पहिलं अक्षर चांगलं. पहिली जागा उत्तम वस्तूची. "आधी अन्नपक्षी," सेतू म्हणाला. "मग बाकीचं."

"कॉम्प्युटरला कसला मुहूर्त, मामा?"

"त्याला नाही. मला."

अन्नपक्षी हा सेतूचा सगळ्यात चांगला पदर. हंसासारखा पक्षी, लांब मान, चोचीत वेल. एवढंच. मानेच्या दोन्ही बाजूंना मोकळं रेशीम. सेतूच्या हातून असा पदर कसा निघाला हे घरात सगळ्यांना माहीत आहे. तो काढत होता तेव्हा कामाक्षी शेजारी शेंगा निवडत बसली होती. त्याने मानेजवळ ठिपका टाकला की ती म्हणायची, "पुरे." तो पुसायचा. पुन्हा टाकायचा. "पुरे." शेवटी शेंगा संपल्या, पदरही संपला.

तर पहिला मान अन्नपक्ष्याचा. त्याच्या मागोमाग बाकीचं सगळं उतरलं. जुनी डिस्क दुसऱ्या दिवशी कायमची गप्प झाली. सेतूने ती उघडली. आतलं लोहचुंबक टाचण्या गोळा करायला घेतलं. आरशासारख्या चकत्या कामाक्षीने गच्चीवर टांगल्या. वाळवणावर कावळे येत नाहीत.

सगळं नीट चाललं. हेच वाईट झालं.

सेतू रोज मशीन लावायचा आणि मोकळी जागा बघायचा. मी संध्याकाळी त्याच्याकडे जातो, घरी बसून पाय आखडतात म्हणून. तो म्हणायचा, "अण्णा, अजून इतकी रिकामी." जणू घरात कुणी उपाशी बसलंय. मग त्याला फ्लॉप्या आठवल्या. सुरुवातीच्या वर्षांची सगळी डिझाइनं, बहुतेक पोपटांची, फ्लॉप्यांवर, बिस्किटांच्या डब्यांत भरलेली. त्यांना बुरशी लागण्याआधी डिस्कवर घालावीत, असं त्याने ठरवलं. काम चांगलंच होतं. तो एक फ्लॉपी घालायचा, ती कुरकुरायची, तो येरझारा घालायचा, ती संपली की दुसरी. असं दिवाळीच्या आधी कितीतरी दुपारी चाललं.

एका दुपारी मशीन मध्येच थांबलं. पडद्यावर चूक आली. पुन्हा प्रयत्न करू का, असं विचारलं. सेतूने हो दाबलं. पुन्हा विचारलं. पुन्हा हो. मग पडद्यावर नावांच्या जागी काट्याकुट्या आल्या. सेतूने बंद करून चालू केलं. मशीन चालूच होईना. काळा पडदा आणि एक पांढरी रेघ, लुकलुकणारी.

"गरम झालं असेल," तो म्हणाला. पंखा लावून ठेवला. पंखा मशीनकडे, तो घामात.

त्याच्या दुसऱ्या दिवशी तिरुप्पनंदाळहून कविता आली.

कविता विणकर. घरात एक माग, तो तीच चालवते. अन्नपक्ष्याची पहिली साडी तिच्या मागावर होती. कार्तिकातल्या लग्नाची, नवरीची. अंग विणून झालं होतं, पदर उरला होता. ती आली तेव्हा तिच्या हातात पोतं होतं. ते तिने पडवीत ठेवलं आणि उभीच राहिली.

"काय झालं, कविता?" सेतूने विचारलं.

"अण्णा, राणीने पदर खाल्ला."

"राणी कोण?"

"आमची शेळी."

कामाक्षी आतून बाहेर आली. हसू आलं होतं, पण कविताचं तोंड बघून तिने ते गिळलं.

पदराची कार्डं शेवटी लागतात. तोवर कविताने त्यांची माळ मागच्या वळचणीला तारेवर टांगली होती. अशी माळ घड्या घालून टांगतात, वर तारेवर कार्डं आणि खाली झोळ. पुठ्ठ्याला खळ लावलेली असते. शेळीच्या तोंडाला जेवढे झोळ आले तेवढे तिने खाल्ले. वरची कार्डं तारेवर राहिली. पोत्यात ती होती. काही अर्धी, कडेला दातांची नक्षी.

"पुन्हा मारून द्या, अण्णा," कविता म्हणाली. "ताणा मागावर ताणून उभा आहे. हवा अशी ओली. रोज ढिला करते, रोज पुसते. फार दिवस थांबला तर कापडावर थांबल्याची रेघ उमटते, ती जात नाही. आणि वेळेवर साडी नाही गेली तर व्यापारी पुढचा ताणा देणार नाही. मागच्या गल्लीत तिघांचे माग असेच बसलेत."

सेतूने माझ्याकडे बघितलं. मग मशीनकडे. मशीनची रेघ लुकलुकत होती.

"दोन दिवस दे," तो म्हणाला.

त्याने कधी दिलेलं डिझाइन पुन्हा दिलं नाही असं झालं नव्हतं. तो म्हणायचा, माझ्याकडचं घेतलेलं वाघाने खाल्लं तरी पुन्हा मिळेल. वाघ आला असता तर बरं झालं असतं.

आम्ही डिस्क रुमालात गुंडाळून पापनाशमला नेली. बसमध्ये सेतू बसलाच नाही. दांडी धरून उभा, थांबा आला की दाराकडे बघायचा. बालाने डिस्क आपल्या मशीनला लावली, बराच वेळ बघत राहिला, मग खुर्ची मागे सरकवली.

"मामा, किती भरलंत?"

"रिकामं होतं तेवढं भरत होतो."

"पाचशेच्या वर गेलात."

"दोन हजार दाखवत होतं की."

"दाखवत होतं. मोजू शकत नव्हतं." बालाने कागद घेतला. "डिस्कवर गोल गोल रेघा असतात. प्रत्येक रेघेला नंबर. तुमचं मशीन त्या नंबरासाठी थोडीच जागा ठेवतं. एक हजार तेवीसपर्यंत मोजतं, तिथेच तुमचे पाचशे भरतात. पुढचा नंबर लिहायला गेलं की वरचा आकडा मावत नाही, गळून पडतो, आणि उरतो शून्य. म्हणजे मशीन पुन्हा पहिल्या रेघेवर जाऊन लिहितं. त्याला वाटतं आपण पुढे चाललोय."

सेतूने कागदावरच्या गोल रेघेवरून बोट फिरवलं. मग हळू म्हणाला, "माळ."

"काय?"

"कार्डांची माळ. शेवटचं झालं की पहिलं येतं." तो खाली बसला. एरवी दुकानात तो कधी बसत नाही. "म्हणजे मी फ्लॉप्यांचे पोपट पहिल्या कार्डांवर मारले."

"पहिल्या रेघांवर काय असतं माहीत आहे? कोणती वस्तू कोठे ठेवलीय त्याची सगळी खूण. ती गेली. म्हणून चालू होत नाही. बाकीचं मधलं जागेवर आहे, शोधून काढता येईल. आणि खुणेच्या पाठोपाठ जे सगळ्यात आधी ठेवलं होतं..."

बाला थांबला. आम्हा तिघांनाही आठवत होतं सगळ्यात आधी काय ठेवलं होतं.

"पाचशेच्या आत राहा म्हटलं होतं, मामा."

"म्हटलं होतंस."

बाला शिव्या देईल असं मला वाटलं. त्याने चहा मागवला. सेतूने प्याला हातात धरला, पण चहा प्यायला नाही. तो उठून बाहेर गेला, रस्त्यावर फाटकापर्यंत, परत आला, पुन्हा गेला. संध्याकाळपर्यंत बालाने अन्नपक्षी शोधला. पडद्यावर वर पोपट, पोपट, पोपट. नीट ओळीत. मग मध्येच एका ओळीवर पोपट कापले गेले आणि खाली हंसाची छाती, पंख, पाय, वेलीचा शेवट. मशीन चूक देऊन थांबलं होतं ते त्या ओळीपाशी. खालचा अर्धा पदर शाबूत. वरचा अर्धा, मान आणि डोकं, पोपटांखाली गेला.

"ही पेटी पुन्हा चालायला वेळ लागेल," बाला म्हणाला. "यंत्र चालवायचा प्रोग्रॅमही त्यातून वेचून काढायचाय. आज उद्याचं काम नाही."

"उरलेला अर्धा कागदावर छापून दे," सेतू म्हणाला. "मोठा. ठिपका ठिपका दिसेल असा."

परत येताना बस कुंभकोणमच्या अलीकडे खोळंबली. सेतू म्हणाला, "अण्णा, तुमचं यंत्र."

"त्यावर लोणचं आहे."

"लोणचं काढू."

"माझा गुडघा?"

मी गुडघ्यावर हात ठेवला. तो दुखत होता, पण रोजच दुखतो.

सकाळी कामाक्षीने बरण्या उतरवल्या. मी यंत्राला तेल दिलं. पायटी आधी जड गेली, मग हलकी. एका कार्डावर करून बघितलं. भोकं साफ पडली, फक्त भोकं पाडणाऱ्या एका टोच्याला गंज होता, तो घासला. सेतूने बालाने छापून दिलेले कागद जमिनीवर चिकटवले. वरच्या अर्ध्यासाठी कोरे चौकटीचे कागद. पोत्यातली कार्डं काढली. प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात ओवताना सेतूने शाईने नंबर टाकले होते, त्यामुळे कोणतं कुठलं हे कळत होतं. सेतू कार्ड कागदावर ठेवायचा, भोकांतून पेन्सिलीने ठिपके मारायचा. असा मान आणि डोक्याचा काही भाग परत आला, पट्ट्या पट्ट्यांनी. पट्टी, मग शेळीचं पोट, मग पट्टी.

कविता रोज यायची. तिला घरी बसवत नव्हतं. आल्यावर उभीच राहायची, आमच्या कागदांवर सावली पडायची.

"कविता, बाजूला हो, उजेड दे," सेतू म्हणाला.

"अण्णा, आणखी थोडे दिवस गेले तर कोळी माझ्या ताण्यावर जाळं विणेल. त्याला कार्डं लागत नाहीत."

"त्याच्याकडे शेळीही नाही," कामाक्षी म्हणाली.

कविताला हसू आलं, आणि मग लगेच तिने डोळे पुसले.

खालच्या अर्ध्याची खाल्लेली कार्डं मी छापलेल्या कागदावरून मारली. त्यात विचार नव्हता, पाय होता. वरच्या अर्ध्यात पट्ट्यांमधल्या जागा सेतूला भरायच्या होत्या. आधार एकच, व्यापाऱ्याच्या फोनवरचा फोटो. सेतूने पडद्यावरचा पदर दाखवायला तो पाठवला होता. कविताने तो मागवून घेतला. मोठा केला की धूसर व्हायचा. फोटोत हंस होता, हुक नव्हते. तरी मान कशी वळते ते त्यावरून कळत होतं.

सेतू पालथा पडून काढायला लागला. हाताने काढायची सवय गेली होती, पहिला दिवस खोडण्यात गेला. दुसऱ्या दिवशी हात वळला. मान एका पट्टीतून दुसरीत नीट उतरली. मी यंत्रावर बसून वाट बघत होतो, पाय पायटीवर. वाट बघताना पाय जास्त दुखतो. शेवटी त्याने कागद माझ्यासमोर ठेवला. मी टोचे लावले, बोटं कळांवर ठेवली आणि थांबलो.

मानेच्या दोन्ही बाजूंना ठिपके होते. बारीक, सुरेख. एका ठिकाणी एक कळी.

"हे काय?"

"तिथे रिकामं दिसत होतं."

"शेळीने सोडलेल्या पट्ट्यांत ठिपके नाहीत. तू काढलेल्यात आहेत. विणल्यावर पट्टे दिसतील."

"मग पट्ट्यांतही घालू. सगळीकडे सारखं होईल. अण्णा, हुक बघा ना किती, नुसते उभे राहतील. अप्पाजी काय म्हणायचे?"

"अप्पाजी एक ठिपका म्हणायचे. कडेला."

सेतूचा आवाज चढला. "तुम्ही मारा. काढणारा मी आहे."

मी पाय खाली ठेवला. अर्धा दाब मी देत नाही, आणि हे काम मला अर्धं वाटत होतं. मग कविता पुढे आली. तिने फोन त्याच्यासमोर धरला.

"अण्णा, ही मोकळी जागा माझ्या साडीची आहे," ती म्हणाली. "त्या मुलीने हीच बघून ही साडी मागितली. व्यापाऱ्याकडे भरलेले पदर शंभर होते. तिला हा हवा होता."

सेतू फोनकडे बघत राहिला. बाहेर पाव विकणाऱ्याचा भोंगा वाजला. तो उठला, पडवीच्या टोकापर्यंत गेला, परत आला, खाली बसला आणि खोडरबर घेतलं. एक एक ठिपका पुसायला त्याला काढण्यापेक्षा जास्त वेळ लागला. प्रत्येक पुसलेल्या जागेवरून तो बोट फिरवायचा. कळी शेवटी पुसली. तिची खूण कागदावर राहिली, पण मी खुणा मारत नाही.

मग मी मारायला बसलो. उजवा पाय थकला की डावा. डाव्याला सवय नव्हती, त्याला शिकवावं लागलं. कामाक्षी कार्डं ओवत होती, कविता तिला दोरी देत होती, सेतू नंबर घालत होता. त्या दिवशी त्या घरात कुणी रिकामं नव्हतं.

माळ तयार झाली तेव्हा कविताने ती साडीत गुंडाळून पोटाशी धरली. बसमध्ये मांडीवरून उतरवली नसेल. जाताना सेतू म्हणाला, "टांगताना उंच टांग."

"टांगत नाही आता. थेट पेटीवर चढवते."

लग्नाच्या आधी ती साडी दाखवायला आली. व्यापाऱ्याकडे जाताना वाट वाकडी करून. पडवीत चटईवर पदर पसरला. हंस उभा होता, मान वर, भोवती मोकळं लाल रेशीम. अंगाला जिथे पदर लागतो तिथे थांबल्याची बारीक रेघ होती. तिच्यावरून पदराच्या सोनेरी पट्टीची सुरुवात गेली होती, म्हणून शोधली तरच दिसायची. कविताने ती मुद्दाम दाखवली. मानेत, दोन पट्ट्यांच्या सांध्यावर, एका बाजूला एक धागा जाड आला होता. तो तिने दाखवला नाही. सेतूला दिसला. मलाही.

"पुढचा ताणा मिळाला?" मी विचारलं.

"कालच आला. हाच पदर. निळ्यात."

"मान मी सुधारून देतो," सेतू म्हणाला.

"राहू द्या," कविता म्हणाली. "आता तो असाच. राणीने आधी चाखलाय."

बालाने थंडीत डिस्क परत आणून पेटीत बसवली. डिस्क तीच, फक्त आता सुरुवातीचाच तुकडा पाडलेला, पाचशेच्या आतला. प्रोग्रॅम चालला, यंत्र चाललं, सेतूने एक कार्ड मारून बघितलं.

"आणि उरलेली?" सेतूने विचारलं.

"उरलेली नाहीच असं समजा, मामा."

"पण आहे."

"आहे. आणि तिला हात लावायचा नाही."

सेतू पेटीभोवती एक फेरी मारून आला. पेटीच्या पत्र्यावर तळहात ठेवला, आतलं काही हाताला लागेल असा. तोंड उघडलं.

"पुरे," कामाक्षी आतून म्हणाली. शेंगाही नव्हत्या हातात.

त्यानंतर काही दिवस तो बेचैन होता. बालाने दर महिन्याला एक नक्कल पापनाशमला ठेवायची ठरवलं, तरी सेतूला चैन नव्हतं. एका संध्याकाळी तो माझ्याकडे आला. माझ्या घरी येण्याचं त्याला कारण लागत नाही, पण त्या दिवशी तो खुर्चीवर बसलाच नाही. मान वर करून माझ्या पुढच्या खोलीचं छत बघत होता. आडवे वासे, मध्ये काही नाही.

"अण्णा, इथे किती वर्षं काही टांगलं नाही?"

"का?"

"प्रत्येक पदराची एक जास्तीची माळ. कार्डांची. डिस्क फुटली, मशीन गेलं, शेळी आली तरी." तो वासे मोजत होता, बोटाने हवेत. "उंच आहे. शेळी चढणार नाही. आणि यंत्र मी पडवीतून इथे आणतो, बरण्यांना दुसरी जागा बघू. सकाळी तुम्ही काय करता?"

"काही नाही."

त्याने माझ्या पायांकडे बघितलं. बसमधल्या रिकाम्या सीटकडे बघतो तसं.

मी म्हटलं, "एका सकाळी जेवढं पुरं होईल तेवढंच. अर्धं ठेवून उठणार नाही."

"पुरंच करा," तो म्हणाला, आणि वासा मजबूत आहे का ते बघायला खुर्चीवर चढला.